कार्ड तेच, आकडा नवा

ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेत हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात पुठ्ठ्याचा एक तुकडा विकला गेला. तळहातावर मावेल एवढा. त्यावर मिकी मँटल या बेसबॉलपटूचं रंगीत चित्र. १९५२ साली टॉप्स कंपनीनं असली कार्डं च्युइंगगमच्या पुडीत घालून पोरांना विकली होती, चिल्लर पैशांत. या तुकड्याची किंमत आली १ कोटी २६ लाख डॉलर. तेव्हाच्या दरानं साधारण शंभर कोटी रुपये!

थांबा, खरी गंमत पुढे आहे. ते कार्ड जाड, पारदर्शक प्लॅस्टिकच्या हवाबंद दिसणाऱ्या खोक्यात बसलेलं होतं आणि खोक्याच्या माथ्यावर एक चिठ्ठी होती. चिठ्ठीवर एसजीसी या कंपनीचं नाव आणि एक आकडा: ९.५. दहापैकी साडेनऊ. आता समजा, नव्या मालकाला वाटलं की हे कार्ड दुसऱ्या कंपनीकडून तपासून घ्यावं. या धंद्यातली सगळ्यात मोठी कंपनी पीएसए. तिच्याकडे पाठवलं तर काय होईल?

पीएसएकडे साडेनऊ हा आकडाच नाही.

खरंच नाही. त्यांच्या मोजपट्टीवर दीड आहे, अडीच आहे, साडेआठही आहे. साडेआठनंतर नऊ आणि नऊनंतर थेट दहा. मधे पायरी नाही, कडा आहे. म्हणजे शंभर कोटींचं हे कार्ड तिथे गेलं, तर एक तर ते दहा होईल नाहीतर नऊ. मँटलच्या या कार्डाच्या पीएसए दहा असलेल्या जगात तीनच प्रती आहेत, आणि नऊच्या एका प्रतीला जानेवारी २०२१ मध्ये ५२ लाख डॉलर मिळाले होते. तुम्ही मालक असता तर पाठवलं असतंत?

बहुतेक नाही. पण यापेक्षा कितीतरी स्वस्त कार्डं रोज या कंपनीकडून त्या कंपनीकडे जात असतात. पुठ्ठा तोच, शाई तीच, खेळाडू तोच. बदलतो तो फक्त माथ्यावरचा आकडा, आणि त्या आकड्यामागे पैसा धावतो.

हा आकडा मुळात आला कुठून? खेळांच्या कार्डांतून नाही, नाण्यांतून. विल्यम शेल्डन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाला जुन्या तांब्याच्या सेंटांचं वेड होतं. १९४९ साली त्यानं नाण्यांसाठी १ ते ७० अशी श्रेणी मांडली. सत्तरच का? कारण त्याच्या हिशेबात अगदी झिजलेल्या नाण्याची किंमत एक धरली, तर अगदी कोऱ्या करकरीत नाण्याची किंमत सत्तर पट यायची. बघा, स्थितीचा आकडा जन्मला तोच किमतीचा आकडा म्हणून! किमती पुढे बदलल्या, सत्तर मात्र राहिला. (हाच शेल्डन एका नाणेसंग्रहातली चांगली नाणी उचलून त्यांच्या जागी आपली हलकी नाणी ठेवत असे, हे नंतर उघडकीला आलं. दर्जा ओळखण्यात माणूस पक्का होता, यात शंका नाही.)

१९८६ मध्ये डेव्हिड हॉल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नाण्यांसाठी पीसीजीएस ही कंपनी काढली. कल्पना साधी होती. विकणारा म्हणतो नाणं उत्तम, घेणारा म्हणतो मध्यम. मग तिसऱ्यानंच ठरवावं, आकडा द्यावा आणि नाणं बंद करून टाकावं, म्हणजे नंतर कुणी अदलाबदल करायला नको. १९९१ मध्ये हीच कल्पना खेळांच्या कार्डांना लावली आणि पीएसए सुरू झाली. पुढे १९९८ मध्ये एसजीसी आली, १९९९ मध्ये टेक्सासची बेकेट आली, आणि कॉमिक्समध्ये नाव कमावलेली सीजीसी २०२० च्या सुमारास कार्डांत उतरली. आज बेसबॉल आणि बास्केटबॉलबरोबर क्रिकेटची कार्डंही या खोक्यांत बंद होतात. ब्रॅडमनची होतात, आपल्या सचिनचीही होतात. या खोक्याला सगळे म्हणतात स्लॅब. स्लॅबमध्ये न बसलेलं कार्ड म्हणजे रॉ.

आता परीक्षक काय बघतो ते पाहू. चार गोष्टी: चित्र कार्डाच्या मध्यावर आहे का, कोपरे टोकदार आहेत का, कडा साफ आहेत का, आणि पृष्ठभागावर ओरखडा, डाग, छपाईची रेघ आहे का. एवढंच? हो, एवढंच. पण या ‘एवढंच’मध्ये किती बारकावा आहे बघा.

मध्याचीच गोष्ट घ्या. कार्डाच्या डाव्या आणि उजव्या पांढऱ्या किनारी मिळून सहा मिलिमीटर आहेत असं समजू. दोन्ही तीन-तीन असतील तर ५०-५०. कारखान्यातलं पातं नुसतं ०.३ मिलिमीटर सरकलं, तर एक किनार ३.३ होते, दुसरी २.७, झालं ५५-४५. पातं ०.६ मिलिमीटर सरकलं की ६०-४०. पीएसएच्या दहासाठी पुढच्या बाजूला साधारण ५५-४५ च्या आतच राहावं लागतं. मागच्या बाजूला मात्र ७५-२५ सुद्धा चालतं. बेकेटच्या सर्वोच्च दहासाठी पुढची बाजू जवळजवळ काटेकोर ५०-५० लागते. म्हणजे एका पात्याच्या, एका दिवशीच्या, केसाएवढ्या सरकण्यावर सत्तर वर्षांनी कुणाचं तरी घर उभं राहणार की नाही हे ठरतं. ते पातं चालवणाऱ्या कामगाराला याची कल्पना तरी असेल का? तो तर गमच्या पुडीत घालायचा पुठ्ठा कापत होता.

कडांचंही तसंच. १९८६ साली फ्लीअर कंपनीनं बास्केटबॉलचा १३२ कार्डांचा संच काढला. त्यात ५७ व्या क्रमांकावर मायकेल जॉर्डन आहे. त्या कार्डांच्या किनारी लाल, पांढऱ्या, निळ्या. रंगीत किनारीचा तोटा असा की रंगाचा कणभर टवका उडाला तरी खालचा पांढरा पुठ्ठा लगेच डोळ्यांत भरतो. पांढऱ्या किनारीवर तोच टवका कुणाला दिसला नसता! त्यामुळे पुडीतून थेट निघालेलं कार्डही दहा होईल याची खात्री नाही. जानेवारी २०२१ मध्ये याच कार्डाच्या पीएसए दहा असलेल्या दोन प्रती प्रत्येकी ७ लाख ३८ हजार डॉलरला गेल्या. पाच कोटी रुपयांहून जास्त. नऊच्या प्रतीला तेव्हा याचा लहानसा हिस्सा मिळायचा. (वर्ष संपायच्या आत दहाचा भावही निम्म्याखाली घसरला, तो भाग वेगळा.)

नऊ आणि दहा यांतला फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो का? बहुतेकांना नाही. भिंग लावूनही पुष्कळांना नाही. आणि तरीही किंमत अनेक पट. कड्याची उंची आता लक्षात आली ना?

आता वेगवेगळ्या घरांचे वेगवेगळे रिवाज बघा. बेकेट हे नाव जेम्स बेकेट यांचं. ते संख्याशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी कार्डांच्या भावांचं मासिक १९८४ मध्ये सुरू केलं होतं. त्यांच्या नावाची कंपनी आकडे सढळ हातानं वापरते यात नवल नाही. तिच्या स्लॅबवर एकाच्या जागी पाच आकडे दिसतात: मध्य, कोपरे, कडा, पृष्ठभाग या चौघांचे चार आणि शेवटचा एकत्रित. गंमत म्हणजे तो एकत्रित आकडा म्हणजे चौघांची सरासरी नव्हे. सगळ्यांत कमी असलेला आकडा बाकीच्यांना खाली ओढतो. तीन बाजूंनी निर्दोष आणि एका कोपऱ्यात किंचित बोथट, तर तो कोपराच कार्डाची किंमत ठरवतो. आणि चारही आकडे दहा आले, तर चिठ्ठी काळी होते. या ‘ब्लॅक लेबल’ला पीएसएच्या दहापेक्षाही कितीतरी जास्त भाव मिळतो.

बेकेटमध्ये ‘जेम मिंट’ म्हणजे साडेनऊ. पीएसएमध्ये ‘जेम मिंट’ म्हणजे दहा. बेकेटचं दहा त्याच्याही वर. मग बेकेटचं साडेनऊ असलेलं कार्ड ज्याच्या हातात आहे, त्याच्या डोक्यात काय चालत असेल? ‘हे पीएसएत गेलं तर दहा होईल. तिथे दहाला गिऱ्हाईक जास्त.’ झालं! इथून प्रवास सुरू.

या प्रवासाचे दोन दरवाजे आहेत.

पहिला दरवाजा सभ्य. त्याचं नाव क्रॉसओव्हर. एका कंपनीच्या बंद स्लॅबसकट कार्ड दुसऱ्या कंपनीकडे पाठवायचं आणि अर्जात लिहायचं की किमान अमुक आकडा देणार असाल तरच खोकं उघडा. दुसऱ्या कंपनीचा परीक्षक कार्ड पाहतो. पटलं, तर जुना स्लॅब फोडून कार्ड नव्यात बसवतात. नाही पटलं, तर कार्ड जसंच्या तसं, जुन्याच स्लॅबमध्ये परत. आपल्याकडे बारावीचा निकाल लागला की गुणपडताळणी आणि पुनर्मूल्यांकनासाठी अर्ज भरायची धावपळ होते. कल्पना करा की त्या अर्जावर मुलानं लिहिलं, ‘मार्क वाढत असतील तरच पेपर तपासलात असं समजा, कमी होत असतील तर तपासलाच नाही असं समजून परत करा.’ आणि बोर्डानं ते मान्य केलं! क्रॉसओव्हर म्हणजे नेमकं हेच. गेली तर फी जाते, आकडा जात नाही.

मग सगळेच हाच दरवाजा का वापरत नाहीत? कारण परीक्षकाला कार्ड प्लॅस्टिकमधून बघावं लागतं. त्या प्लॅस्टिकवर स्वतःचे ओरखडे असतात. बेकेटच्या स्लॅबमध्ये तर कार्डाभोवती आणखी एक पातळ पाकीट असतं. समोर दिसणारी रेघ कार्डावरची की प्लॅस्टिकवरची? कोपऱ्यातली ती चमक कोपऱ्याची की खोक्याची? शंका आली की परीक्षक दहा देत नाही. का द्यावं? आकड्याची हमी कंपनीनं घेतलेली असते. आकडा चुकला असं सिद्ध झालं तर भरपाई तिला करावी लागते. म्हणून सभ्य दरवाजातून दहा मिळवणं अवघड, अशी जुन्या खेळाडूंची पक्की समजूत आहे, आणि मला ती पटते.

दुसरा दरवाजा आडदांड. त्याचं नाव क्रॅक. म्हणजे काय? कटर घ्या, स्लॅबचा कोपरा कापा, फटीत पट्टी घाला आणि खोकं उकला.

खोकं उकलणं इतकं अवघड का, हेही बघण्यासारखं आहे. स्लॅबचे दोन अर्धे भाग गोंदानं चिकटवलेले नसतात, स्क्रूनं आवळलेले नसतात. ते आवाजानं जोडलेले असतात! ऐकू न येणाऱ्या आवाजानं. यंत्राचा एक धातूचा ठोकळा प्लॅस्टिकच्या कडेवर टेकतो आणि सेकंदाला हजारो वेळा थरथरतो. आपल्या कानांची धाव सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंत, याचं काम साधारण तिथून पुढे चालतं. त्या थरथरीनं दोन कडा एकमेकींवर घासतात, घासून तापतात, तापून वितळतात आणि थंड होताना एकजीव होतात. हे सगळं डोळ्याची पापणी लवते न लवते तोवर आटोपतं. कार्डाला उष्णता जाणवतसुद्धा नाही, कारण तापते ती फक्त जोडाची रेघ. असा जोड पुन्हा खोलायचा तर तोडावाच लागतो, आणि तोडल्याच्या खुणा लपत नाहीत. त्याचसाठी तर तो केलेला असतो.

तर हा जोड तोडताना एखादा धारदार तुकडा उडाला आणि कार्डाच्या कोपऱ्याला टोचला, की साडेनऊचं सात व्हायला वेळ लागत नाही. आणि स्लॅब फुटल्या क्षणी जुन्या कंपनीची हमी संपली, जुना आकडा कचऱ्यात गेला. कार्ड पुन्हा रॉ. जणू कधी तपासलंच नव्हतं. आता ते नव्या कंपनीकडे नव्यानं जाणार आणि तिथल्या परीक्षकाला या कार्डाचा पूर्वेतिहास ठाऊक नसणार. तो दहाही देईल, आठही देईल. आणि पुष्कळदा, हे ऐकून मला पहिल्यांदा विश्वासच बसला नव्हता, लोक ते नव्या कंपनीकडे पाठवत नाहीत. त्याच कंपनीकडे पुन्हा पाठवतात! एकदा नऊ आलं, फोडलं, पुन्हा नऊ आलं, फोडलं, पुन्हा पाठवलं.

कशासाठी? कार्ड तर तेच आहे.

कारण आकडा देणारा माणूस असतो. सकाळी ताजातवाना असतो, संध्याकाळी डोळे थकलेले असतात. या कार्डाआधी त्याच्या हातात वीस भिकार कार्डं आली असतील तर हे एकविसावं झळकतं. वीस अप्रतिम आली असतील तर तेच फिकं पडतं. नऊच्या मधोमध बसणारं कार्ड कुणीही तपासलं तरी नऊच होणार. पण नऊ आणि दहाच्या सीमेवर बसलेलं कार्ड? त्याचं भवितव्य नाणेफेकीसारखं असतं.

थोडं गणित करू. समजा, सीमेवरच्या एखाद्या कार्डाला प्रत्येक खेपेला दहा मिळण्याची शक्यता चारात एक आहे. एका खेपेत न मिळण्याची शक्यता पाऊण. चार खेपांत एकदाही न मिळण्याची शक्यता पाऊण गुणिले पाऊण गुणिले पाऊण गुणिले पाऊण; म्हणजे शंभरात सुमारे ३२. याचा अर्थ चार खेपांत कधीतरी दहा मिळण्याची शक्यता शंभरात ६८! शक्यता चारात एक असलेली गोष्ट केवळ चिकाटीनं तीनात दोनच्या वर गेली. कार्डात तसूभरही सुधारणा न होता. आणि दहा मिळाल्यावर मालक काय करतो? थांबतो. दहा मिळालेलं कार्ड ‘बघू या पुन्हा, कदाचित नऊच असेल’ म्हणून कुणी फोडलंय का? फार तर एखादा धाडसी माणूस पीएसएचं दहा फोडून बेकेटच्या काळ्या चिठ्ठीवर नशीब आजमावतो. म्हणजे तोही वरच चाललेला.

इथे मला सगळ्यात जास्त थक्क व्हायला होतं. चूक दोन्ही दिशांनी होत असते. परीक्षक कधी सढळ होतो, कधी कडक. वर्षभराचा हिशेब मांडला तर दोन्ही चुका एकमेकींना खाऊन टाकतील असं वाटतं. पण पुन्हा तपासायला पाठवायचं की नाही हे मालक ठरवतो, आणि मालक फक्त कडकपणाच्या चुका दुरुस्त करून घेतो. सढळपणाच्या चुका तो तिजोरीत ठेवतो. म्हणून कुणीही लबाडी न करता, सगळे परीक्षक प्रामाणिक असताना, आकड्यांचा सगळा डोंगर हळूहळू वर सरकत राहतो.

याचा आणखी एक परिणाम बघा. प्रत्येक कंपनी एक नोंदवही ठेवते, कोणत्या कार्डाला कोणता आकडा किती वेळा दिला त्याची. तिला म्हणतात पॉप रिपोर्ट. दुर्मिळता किती, हे लोक त्यावरून ठरवतात. पण चार वेळा तपासलेलं कार्ड त्या वहीत काय म्हणून दिसेल? तीन नऊ आणि एक दहा. एका कार्डाची चार कार्डं! फोडणाऱ्यानं जुन्या चिठ्ठ्या कंपनीला परत पाठवल्या तर नोंद दुरुस्त होते. पण पाठवण्याचे कष्ट किती जण घेत असतील, याचा अंदाज तुम्हीच करा. त्यामुळे वहीत नऊचे ढीग दिसतात, आणि त्यांतले काही ढीग भुतांचे असतात.

आणि बाजारात विकायला आलेले नऊ? त्यांच्याकडे जरा सावधपणे बघा. ज्या नऊत दहाची धुगधुगी होती, ते जाणत्या व्यापाऱ्यांनी केव्हाच वेचून फोडलेले असतात. नाण्यांच्या दुनियेत याच रोगावर २००७ मध्ये एक औषध निघालं: सीएसी नावाची कंपनी बंद स्लॅब न उघडता तपासते आणि त्या आकड्याला शोभणारं नाणं असेल तर वर हिरवा स्टिकर लावते. म्हणजे तपासणाऱ्याची तपासणी! हसू येतं खरं, पण स्टिकर लागलेल्या नाण्याला जास्त पैसे मिळतात.

एक साधा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. साडेनऊचं दहा करायची धडपड समजली. पण काही लोक तोच आकडा, किंवा चक्क कमी आकडा घेऊनही दुसऱ्या कंपनीत का जातात? एक कारण पीएसएची सेट रजिस्ट्री. कुणाचा संच जास्त पूर्ण, कुणाचा जास्त उजळ, याची तिथे जाहीर क्रमवारी लागते. आणि त्यात फक्त पीएसएच्या स्लॅबमधली कार्डं धरतात. तुमच्याकडे सगळा संच आहे आणि एकच कार्ड एसजीसीच्या काळ्या चौकटीत बसलंय, तर रजिस्ट्रीच्या लेखी ती जागा रिकामी! मग माणूस अर्धा आकडा सोडूनही कार्ड हलवतो. दुसरं कारण नुसतं दिसणं. कपाटात सगळे स्लॅब एका मापाचे, एका रंगाचे हवेत. हसू नका, ज्यांच्या घरी दिवाळी अंकांची वर्षावार रांग आहे त्यांना हे दुखणं ठाऊक आहे.

कंपन्यांच्या हिशेबाबद्दलही एक गोष्ट सांगायलाच हवी. तपासणीची फी कार्डाच्या किमतीवर ठरते. कार्डाला अपेक्षेपेक्षा मोठा आकडा मिळाला, किंमत वरच्या टप्प्यात गेली, की कंपनी वाढीव फी मागते. म्हणजे आकडा मोठा तर परीक्षकाच्या मालकाची कमाई मोठी. भुवया उंचावल्या ना? दुसऱ्या बाजूला चुकीच्या आकड्याची भरपाई त्याच मालकाच्या खिशातून जायची असते, आणि बाजारातला विश्वास हेच त्याचं एकमेव भांडवल. या दोन ओढींमध्ये तो आकडा लोंबकळत असतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर पीएसएच्या मूळ कंपनीनं एसजीसीलाच विकत घेतलं. दोन्ही नावं वेगळी, स्लॅब वेगळे, पण एसजीसीतून पीएसएत जाणारं कार्ड आता एकाच मालकाच्या एका दुकानातून निघून दुसऱ्या दुकानात शिरतं.

दुसऱ्या कंपनीकडे कार्ड पाठवण्यात कधीकधी वेगळंच काही हाती लागतं. कोपरे बोथट झालेलं कार्ड पात्यानं किंचित कापलं, की कोपरे पुन्हा टोकदार होतात. कार्ड केसभर लहान होतं, पण ते कोण मोजतंय? असं कापलेलं कार्ड कळलं तर कंपन्या त्याला आकडा देत नाहीत. मात्र एका कंपनीच्या नजरेतून ते निसटतं, मोठा आकडा घेऊन स्लॅबमध्ये बसतं आणि वर्षांनी मालक ते दुसरीकडे क्रॉसओव्हरला पाठवतो. तिथून उत्तर येतं: कापल्याचा संशय, आकडा नाही. आता मालकाला कळलं. पण कार्ड तर जुन्याच, न फोडलेल्या स्लॅबमध्ये परत आलंय, जुन्याच भारी आकड्यासकट! पुढच्या गिऱ्हाइकाला या नकाराची कुठेही नोंद दिसत नाही. सभ्य दरवाजाची ही दुसरी बाजू.

२०१९ मध्ये संग्राहकांनीच यावर शोधकाम सुरू केलं. लिलावांची जुनी छायाचित्रं काढून नव्या स्लॅबमधल्या कार्डांशी ताडून पाहायची. दोन कार्डं एकाच साच्यातून निघाली तरी पुठ्ठ्यातला एखादा ठिपका, शाईचा एखादा शिंतोडा फक्त त्या एकाच प्रतीचा असतो. त्यावरून सिद्ध झालं की पूर्वीचं कमी आकड्याचं कार्ड आणि आजचं मोठ्या आकड्याचं कार्ड एकच; मधल्या काळात फक्त कडा कमी झाल्यात. २०२१ मध्ये पीएसएच्या मूळ कंपनीनं जेनामिंट नावाची छोटी कंपनी विकत घेतली. तिचं तंत्रज्ञान हेच काम यंत्राकडून करून घेतं: कार्डाची प्रतिमा साठवायची आणि तेच कार्ड पुन्हा आलं की ओळखायचं. ज्या खेळाचा सगळा डाव ‘परीक्षकाला पूर्वेतिहास ठाऊक नाही’ यावर उभा आहे, त्या खेळात विसर न पडणारा परीक्षक आला!

आता राहिलं ते कार्ड, ज्याच्यापासून पीएसएच्या आकड्यांची मोजणी सुरू झाली.

१९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीनं सिगारेटच्या पाकिटांत बेसबॉलपटूंची कार्डं घातली. संग्राहक त्या संचाला टी-२०६ म्हणतात. त्यात होनस वॅग्नरचं कार्ड लवकरच छापणं बंद झालं. कुणी म्हणतं त्याला तंबाखूची जाहिरात नको होती, कुणी म्हणतं त्याला पैसे हवे होते. कारण काहीही असो, आज त्याच्या पन्नास-साठ प्रतीच ठाऊक आहेत. त्यातली एक इतकी देखणी होती की १९९१ मध्ये सदबीजच्या लिलावात आइस हॉकीचा बादशहा वेन ग्रेट्झ्की आणि त्याचा भागीदार ब्रूस मॅकनॉल यांनी ती ४ लाख ५१ हजार डॉलरला घेतली. त्याच वर्षी सुरू झालेल्या पीएसएनं हे कार्ड तपासलं, दहापैकी आठ दिले आणि स्लॅबवर अनुक्रमांक घातला एक. कंपनीचं पहिलंवहिलं कार्ड.

कार्ड वाढत्या भावानं हातोहात फिरलं. २००० मध्ये बारा लाख डॉलरच्या वर. २००७ मध्ये एकाच वर्षात दोनदा विकलं गेलं, दुसऱ्यांदा २८ लाखांना, आणि ॲरिझोना डायमंडबॅक्स या बेसबॉल संघाचे मालक केन केंड्रिक यांच्याकडे पोचलं. मग २०१३ मध्ये बिल मास्ट्रो हा बडा लिलावदार एका फसवणुकीच्या खटल्यात न्यायालयासमोर उभा राहिला. १९८० च्या दशकात हे कार्ड काही काळ त्याच्याकडे होतं. त्यानं गुन्हा कबूल केला आणि त्याबरोबर हेही कबूल केलं की विकण्याआधी त्यानंच या कार्डाच्या कडा कापल्या होत्या.

म्हणजे अनुक्रमांक एकचं कार्ड नियमानं आकड्याला पात्रच नव्हतं. त्याच संचातल्या वॅग्नरच्या दुसऱ्या, चुरगळलेल्या, मळक्या प्रती एसजीसीच्या स्लॅबमध्ये आहेत. एकीला तीन मिळालेत, ती ऑगस्ट २०२१ मध्ये ६६ लाख डॉलरला गेली. दुसरीला नुसते दोन, आणि ती वर्षभरानं साडेबहात्तर लाखांना गेली. दोनाचं कार्ड तिनाच्या कार्डापेक्षा महाग! इतक्या दुर्मिळ उंचीवर गेल्यावर आकडा विचारतो कोण?

केंड्रिक यांच्या कार्डावर आजही आठच लिहिलेलं आहे. ते दुसऱ्या कंपनीकडे पाठवायचा अर्ज भरायला कुणी निघालेलं नाही.